गिरणीतलं थोरलं पुस्तक

मुडबीला बदली झाली तेव्हा त्या गावाकडून मला दोनच गोष्टी हव्या होत्या: जनावरांच्या दवाखान्याजवळ एक खोली आणि संध्याकाळी वाचायला शांतता. खोली मिळाली ती पिठाच्या गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून. शांततेचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

गिरणीवाल्या बाईला अख्खं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. साठी कधीच उलटलेली, अंगानं काटक, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि भुवयांवर बारा महिने ज्वारीचं पीठ. घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी आणि इंजिनाला शिव्या द्यायच्या तर त्या दखनी उर्दूत, असा तिचा रिवाज होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला नोकरीला. गिरणी ती एकटीच चालवायची.

माझ्या सामानात पुस्तकांचे तीन खोके होते. पुस्तकांच्या बाबतीत मी पहिल्यापासून कडक माणूस आहे. प्रत्येकाला खाकी कव्हर, आत नाव आणि नंबर, आणि उसनं मागणाऱ्याला तोंडावर नकार. सख्ख्या मेहुण्याला मी एकदा पुस्तक दिलं नाही म्हणून बिदरमधल्या आमच्या मैलूरच्या घरात पंधरा दिवस अबोला चालला होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

अशा माणसाच्या नशिबी अक्का यावी, म्हणजे कमालच.

सोमवारी गिरणी बंद असायची. पहिल्याच सोमवारी सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो, तर अक्का अंगणात गोणपाटावर बसलेली. पुढ्यात एक जाडजूड कादंबरी उलटी पाडलेली, आणि हातात गिरणीचा पट्टा कापायची रापी. माझ्या डोळ्यांदेखत तिनं कादंबरीचा कणा सरळ चिरला. माझ्या हातातला तांब्याच खाली पडला.

"अक्का, हे काय करायलाव?"

"दिसंना का? सहा भाग करायलेय."

"अहो, पुस्तक आहे ते."

"पुस्तक हाय म्हनूनच करायलेय. सहा जणी वाचतेत एका टायमाला."

मग तिनं दाभणात पोत्याचा दोरा ओवला आणि एकेक भाग टाचायला घेतला. वर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खडूनं आकडा. गावात मराठी पुस्तकं येणार कुठून? शाळेतली पेटी केव्हाच वाळवीनं खाल्लेली. अक्का सोलापूरच्या रद्दीवाल्याकडून टेम्पोवाल्याच्या हाती चार-दोन पुस्तकं मागवायची, आणि एकेका पुस्तकामागं दहा जणी रांगेत. म्हणून तिनं ही तोडणी काढली. पहिली बाई दुसऱ्या भागावर गेली की पहिला भाग दुसरीला. दळण झालं की डब्यात पिठावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पुस्तकाचा तुकडा, वर झाकण. सासू असो की नवरा, पिठाच्या डब्यात कोण हात घालतंय?

मी तिला खाकी कव्हरांचं सांगितलं. नंबरांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या खोक्यातली पुस्तकं किती जणांनी वाचली?"

"मी वाचली."

"मग एकानंच," ती म्हणाली आणि पुढचा भाग टाचायला लागली. मी त्या दिवशी खोक्यांना कुलूप लावलं, खोटं कशाला सांगू.

तिचे नियम मात्र माझ्यापेक्षा कडक निघाले. पुढचा भाग हवा असेल तर मागचा भाग तोंडानं सांगायचा. सगळा. बाई डबा घेऊन आली आणि पिशवी पुढं केली की अक्का इंजिन बंद करायची. भर दळणाच्या वेळी, जत्रा चार दिवसांवर आलेली, बाहेर पंधरा डबे लागलेले, तरी पट्टा थांबायचा. रांगेतल्यांनी कथा ऐकू नये म्हणून त्यांना लिंबाखाली पिटाळायचं. पुरुष माणसं चरफडायची. एकदा पंचायतीच्या मेंबरनं, "अक्का, गिरणी हाय का शाळा?" म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, "दुसऱ्या गिरणीत जा की. सात किलोमीटर हाय." मेंबर लिंबाखाली जाऊन बसला.

सांगताना बाई अडखळली तर अक्का पिशवी परत तिच्या हातात द्यायची. "न वाचता पुढचं घेतलंस तर ते चोरीचं," असं तिचं म्हणणं. यावरून बायका रुसायच्या, भांडायच्या, पण आठ दिवसांनी भाग नीट वाचून परत यायच्या. माझ्या दवाखान्यात म्हैस घेऊन आलेली एक म्हातारी तर तपासणी होईपर्यंत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं जप चाललाय. ती तिसरा भाग घोकत होती.

आणि सगळ्यांत वरचा नियम म्हणजे मालकिणीनं सगळ्यांच्या शेवटी वाचायचं. पुस्तक आलं की अक्का त्यातली एक ओळही वाचायची नाही. सरळ कापायची. प्रस्तावना तेवढी वेगळी काढायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. "हे लेखकाच्या दोस्तांनी लिहिलेलं असतंय. टाइम उरला तर बघू," म्हणायची. तो डबा काठोकाठ भरला होता.

एकच पुस्तक तिनं कधी कापलं नाही. डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीचं, मराठीतलं. ते इंजिनाच्या डोक्यावरच्या फळीवर असायचं, तेलानं काळं झालेलं. तिनं आयुष्यात पुरतं वाचलेलं पहिलं पुस्तक ते. अक्काचं शिक्षण कन्नड तिसरी. पस्तिशीत असताना एकदा इंजिन बंद पडलं. बसवकल्याणच्या मेकॅनिकनं चार दिवस थांबवून सांगितलं, इंजिन गेलं, भंगारात घाला. नवराही म्हणाला, घालू. अक्कानं मुलाचं मराठी पहिलीचं पुस्तक घेतलं, त्यावरून अक्षरं लावली आणि बोट ठेवून ठेवून ते इंजिनाचं पुस्तक महिनाभर वाचलं. मग नॉझल काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, परत बसवलं. इंजिन सुरू झालं.

"मालक खूश झाले असतील," मी म्हणालो.

"कशाचं खूश? आठ दिस बोलले न्हाईत." आणि मग म्हणाली, "डाक्टर, मला पस्तीस वर्षं सगळं दुसऱ्यानं सांगितलेलं. पेपरात काय आलं ते त्यांनी सांगायचं. पोराचा दाखला दुसऱ्यानं वाचायचा. सांगणारा आपल्या सोयीचं सांगतो. म्हनून मी ऐकून मानत न्हाई. मला डोळ्यानं बघावं लागतंय."

हे तिनं सहज सांगितलं होतं. पुढं जे झालं ते सगळं यातूनच झालं.

गिरणीत एक पुस्तक होतं, त्याला सगळे थोरलं पुस्तक म्हणायचे. ते आलं तेव्हाच त्याला पुढचं-मागचं कव्हर नव्हतं, पहिली पानं नव्हती. नाव काय, लिहिलं कुणी, कुणालाच माहीत नाही. गोष्ट अशी: भावाशी पाण्याच्या पाळीवरून भांडून एक माणूस घर सोडून जातो, बायको एकटीनं शेत ओढते, मुलं वाढवते, आणि वीस वर्षांनी तो माणूस परत येतो. त्याचे अक्कानं आठ भाग केले होते. सातव्या भागाच्या शेवटच्या ओळीत तो माणूस दारावर थाप मारतो. आत बायको उठून बसलेली असते. आणि आठवा भाग गिरणीत नव्हता.

तो अकरा वर्षांपूर्वी महानंदानं नेला होता. ही गावातली सगळ्यांत पुढची वाचणारी. तिचं लग्न निंबर्ग्याच्या मुलाशी अचानक ठरलं आणि पंधरा दिवसांत उरकलं. लग्नाच्या दिवशी निघायच्या गडबडीत अक्कानं आठवा भाग तिच्या पिशवीत कोंबला. वाचून झालं की माहेरपणाला येताना आणील, असा हिशोब. पण सहा महिन्यांत महानंदाचे आईबाप आणि भाऊ कामासाठी पुण्याला गेले, घराला कुलूप लागलं. माहेरच उरलं नाही तर माहेरपण कुठलं? बाकीच्या बायका एकेक करून सातव्या भागाच्या शेवटाला येऊन थांबल्या. सगळ्यांत शेवटी अक्का. अकरा वर्षं तो माणूस त्या गावात दाराबाहेर उभा होता.

"जाऊन आणायचं ना," मी म्हणालो. "निंबर्गा काय लांब नाही. आळंदवरून पुढं."

"पुस्तक नेणारानं आणून द्यायचं. मी आणायला जात न्हाई."

"निरोप तरी?"

"दिला की दोनदा. सासरच्यांनी सांगितलं, पुस्तकबिस्तक काय न्हाई."

मी मोबाइल काढून त्या पुस्तकातल्या माणसांची नावं घालून शोधलं. बिदरच्या दोन मास्तरांना विचारलं, लातूरच्या एका पुस्तकवेड्या मित्राला विचारलं. कुणालाच ओळख पटेना. अक्का गालातल्या गालात हसायची. मला वाटायचं, हिला शेवट कळला नाही तरी चालेल.

पण मग लोकांच्या डब्यांना अक्काची लाथ लागायला लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेना. मी तिला कलबुर्गीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, फार उशिरा आणलंत, गेलेली नजर येत नाही, राहिलेली थेंबांवर जपायची, पण फार दिवस धरून चालू नका. मी हे तिला मराठीत गोडगोड करून सांगायला लागलो, तर तिनं मला थांबवलं आणि डॉक्टरांना कन्नडात सरळ विचारलं, "वाचायला किती दिवस?" ते म्हणाले, वर्ष निघालं तर नशीब.

परतीच्या बसमध्ये कमलापूर गेल्यावर ती म्हणाली, "डाक्टर, निंबर्ग्याला जायाचं."

"नियम?"

"नियमाला डोळे लागत न्हाईत. मला लागतेत."

पुढच्याच सोमवारी आम्ही माझ्या मोटरसायकलवरून गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. महानंदा अंगणात तूर पाखडत बसली होती. बत्तिशीची असेल, दोन मुलं शाळेत गेलेली. अक्काला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि उठून पायाला हात लावला. "पुस्तक हाय, अक्का," एवढंच म्हणाली आणि आत पळाली.

तिनं आणलेली ती प्लास्टिकची पिशवी मी हातात घेऊन बघितली. आत आठवा भाग, आडवाउभा दोरा बांधलेला. अक्का प्रत्येक भागाला तशी गाठ मारायची, ती गाठ तशीच. अकरा वर्षांत कुणी सोडलीच नव्हती.

"वाचली न्हाईस?" अक्कानं विचारलं.

"न्हाई."

"कामून?"

"सातवा सांगितला न्हवता की मी. लग्नाची गडबड झाली. तुमी म्हणायचाव, न सांगता पुढचं घेतलं तर ते चोरीचं." महानंदा खाली बघत होती. "निरोप आला तवा सासूबाईला म्हाईत न्हवतं. मला मागनं कळलं. पर वाचल्याबिगर परत कसं देऊ? आन सांगितल्याबिगर वाचू कसं?"

अक्का ओट्यावर बसली. मी तिला चिडलेली बघितली होती, हसलेली बघितली होती, पण अशी बघितली नव्हती. तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली आणि ती गाठ बोटांनी चाचपत राहिली. एका अडाणी हट्टापायी एका चांगल्या वाचणाऱ्या बाईची अकरा वर्षं गेली होती, आणि ते आम्हां तिघांनाही त्याच वेळी कळलं होतं.

"चुकलं माझं," अक्का म्हणाली. "तसलं कोंबून द्यायला नको हुतं. न्हाईतर सांगायचं तरी, की वाच म्हनून." मग पदरानं डोळे पुसून ती सावरून बसली. "आता सांग. सातवा सांग."

आणि महानंदानं सांगितला. अकरा वर्षांपूर्वी वाचलेला. पडलेली भिंत, बैलाचं नाव, चुलीवरची डाळ, धाकट्या पोराचा ताप, सगळं. दोन ठिकाणी तिनं मागंपुढं केलं, तेवढंच. सांगून झालं तेव्हा सासू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं कन्नडात विचारलं, "मग तिनं दार उघडलं का?"

कुणालाच माहीत नव्हतं.

मी मनात म्हटलं, चला, आता पिशवी घेऊन निघू. तर अक्कानं तो भाग परत महानंदाच्या मांडीवर ठेवला. "तुझा नंबर हाय. वाच. झालं की आण."

मला राहवलं नाही. "अक्का, डोळ्यांचं काय सांगितलंय त्यांनी? तुम्ही आधी वाचा. मी स्वतः आणून देतो हिला."

"डोळे माझे हाईत. नंबर तिचा हाय."

सबंध रस्ताभर मी तिच्याशी भांडलो. हेकट म्हणालो, खुळी म्हणालो, वयाचा मान ठेवला नाही. ती मागं बसून ऐकत होती. मुडबी आली तेव्हा उतरून म्हणाली, "अकरा वर्षं ती थांबली. मी आठ दिस थांबते."

आठाचे बारा झाले. मी रोज संध्याकाळी फोन करू का विचारायचो, ती नको म्हणायची. रोज सकाळी थेंब घालून दारावरून जाणाऱ्या बसच्या पाटीवरची अक्षरं वाचायची, नजर कुठवर आली ते बघायला. तेराव्या दिवशी दुपारच्या बसनं महानंदा उतरली. एकटी. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्या गावात पाय ठेवत होती. अक्कानं इंजिन बंद केलं. महानंदा बोलायला तोंड उघडणार, तोच अक्कानं हात वर केला.

"सांगू नको." त्या गिरणीत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकू आलं असेल.

आता नियमाप्रमाणे आठवा भाग त्या रांगेतल्या, गावात उरलेल्या तिघींकडं जायला हवा होता, मग अक्काकडं. त्या तिघी तिथंच रांगेत होत्या. अक्कानं पिशवी पहिलीपुढं धरली. तिनं हात मागं घेतला. दुसरीनंही. तिसरी ती म्हैसवाली म्हातारी. ती म्हणाली, "तू वाचल्याबिगर आमी घेणार न्हाई. आन दळणबी टाकणार न्हाई. सात किलोमीटर जाऊ." तिघींनी आपापले डबे उचलले आणि लिंबाखाली जाऊन बसल्या. अक्का त्यांच्यावर कन्नड, मराठी, दखनी, तिन्ही भाषांत ओरडली. बायका हलल्या नाहीत. अखेर अक्कानं पिशवी आपल्या पदराखाली घेतली.

बावन्न पानं होती. रोज सकाळी उन्हं वर आली की ती ओट्यावर बसायची. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी चीर पाडली होती, ती पानावर ठेवून एकेक ओळ खाली सरकवायची. बाजूच्या ओळी डोळ्यांत शिरायच्या नाहीत. दोन पानं झाली की डोळे मिटून बसायची. कधी एकच पान व्हायचं. मी पन्नास वेळा म्हणालो, "द्या, वाचून दाखवतो." एकदा तर मी पुस्तक ओढायलाच गेलो, तेव्हा तिनं माझ्या हातावर पुठ्ठा मारला.

महिना झाला, वर चार दिवस. त्या दिवशी मी दवाखान्यातून आलो तर अक्का भिंतीला टेकून बसली होती आणि पुठ्ठा बाजूला पडला होता.

"झालं?"

"झालं."

"मग? उघडलं का दार?"

"उघडलं." तिनं पुठ्ठा उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "काय बरा न्हाई शेवट. लेखकानं घाई केली."

मी अक्षरशः रडायच्या बेताला आलो. "यासाठी एवढं केलंत?"

"वाचल्याबिगर कसं कळावं?" ती म्हणाली आणि गिरणी चालू करायला उठली.

पुढच्या दिवाळीच्या आत तिची नजर गेली. माझीही बदली बिदरला झाली. गिरणी आता तिनं त्या म्हैसवालीच्या सुनेच्या हातात दिली आहे, पण गल्ल्याजवळ स्टुलावर अक्का असतेच, आणि पट्ट्याच्या आवाजावरून तिला सगळं कळतं.

मागच्या महिन्यात गेलो होतो. चहा होतोय तेवढ्यात फोन वाजला. निंबर्ग्याहून महानंदा. बोलणं सुरू झालं ते थेट त्या दारावर. महानंदाचं म्हणणं, उघडलं तेच बरोबर, वीस वर्षांनी का होईना, माणूस आला होता. अक्का म्हणाली, तिनं वीस वर्षं शेत ओढलं, पोरं वाढवली, आणि तो एका थापेवर आत? निदान सकाळपर्यंत बसवायचं होतं बाहेर. महानंदा म्हणाली, तुमाला काय जातंय, अक्का, तुमी एकट्या ऱ्हायलाव. अक्का म्हणाली, म्हनूनच मला कळतंय. पुढं दोघी कन्नडात शिरल्या आणि आवाज चढले. चहा निवला. अर्ध्या तासानं अक्कानं फोन ठेवला तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं आणि ती चांगलीच खुशीत होती.

"हे रोज चालतं?" मी विचारलं.

"हप्त्याला दोनदा. ती ऐकतच न्हाई."

"तुम्ही तरी कुठं ऐकता?"

"मी कामून ऐकू?" तिनं मान वळवली, मी बसलो होतो त्याच्या जरा डावीकडं. "तू वाचून दाखवलं असतंस तर तिचं ऐकलंबी असतं. मी डोळ्यानं वाचलंय, डाक्टर."